चांदा, झांबियाची

सोनेगाव विमानतळावर पाटी धरून उभा होतो मी.
पाटीवर नाव: चांदा मुलेंगा.
म्हटलं, बाई, चांदा तर आमच्या दक्षिणेला आहे,
बल्लारशाच्या अलीकडे, कोळशाचं गाव.
ती हसली. आमच्यात हे मुलाचंही ठेवतात, म्हणाली.

नदीकाठी लॉज आहे तिचा.
तिचा म्हणजे मालकाचा,
ती गावाकडचा हिशेब बघते:
दर खाटेमागे, दर रात्रीमागे
गावाच्या डब्यात किती पडले
आणि डब्यातून कुठे गेले.
आमच्या साहेबांनी बोलावलं होतं,
या, बघा, आम्हीही करतो.

कामठी. कन्हान. मनसर.
मनसरला तर्रीपोहे खाताना डोळे पुसत
तिनं विचारलं, हे रोज खाता? सकाळी?

डांबर लॉजच्या फाटकापर्यंत आहे,
काळं, गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ.
फाटकाशी संपतं.
पुढे सालईटोल्यापर्यंत मुरूम, आणि चाकोऱ्या.
तिनं गाडी थांबवली, उतरली,
एक पाय डांबरावर, एक मुरमावर,
उभी राहिली थोडा वेळ.
फोटो काढला नाही.

साहेबांनी सगळं दाखवलं.
बोअर, सौर पंप, शाळेच्या दोन खोल्या,
भिंतीवरचा वाघ
(त्याच्या मिशा पोरांनी तीनदा वाढवल्यात),
एकवीस माणसं कामाला.
तिनं मान डोलावली.
मग विचारलं, धुणं कुठे धुता?

मागच्या बाजूला सुकवंता उईके चादरी पिळत होती.
ती मला म्हणाली,
"डुक्करं तिच्याकडं बी शिरतात का वावरात, इचार तिले."
विचारलं.
"हत्ती," चांदा म्हणाली. "वर्षाचा मका, एका रात्रीत."
सुकवंताच्या हातातली चादर तशीच अर्धी पिळलेली राहिली.
"मंग लॉजवाला काय देते?"
"तारेचे पैसे. मिरचीचं कुंपण शिकवलं.
एका वर्षी काहीच नाही. पाहुणेच आले नाहीत."
"आमचं बी तसंच होय.
जुलैपासून गेट बंद, पगार अर्धा.
पोटाले गेट नाई ना, बाई."

हे शेवटचं मला इंग्रजीत जमेना.
उत्पन्न हंगामी आहे, असं काहीतरी बोललो.
चांदानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.
मी पुन्हा सांगितलं, पोटावर हात ठेवून,
मग फाटकाकडे बोट करून.
आता दोघी हसल्या, मला.

"पोरगी नागपूरले नर्सिंगले हाय," सुकवंता म्हणाली.
"पहिल्या सालची फी लॉजनं भरली. लिवून घे म्हना.
हे बी लिव म्हना,
मोहाच्या फुलाले आता तिकडून जाता येत नाई,
पाहुण्यायले फिराचा रस्ता हाय थो."

चांदानं दोन्ही लिहिलं,
एकाखाली एक.
मी वाकून पाहिलं,
मध्ये "पण" नव्हता.

निघताना छापील कागद देतात:
काय काय दिसलं?
वाघ, बिबट, अस्वल, गवा, खूण करा.
दोन सफारीत तिला शेपूटही दिसली नव्हती.
चौकोन सगळे रिकामे ठेवले तिनं,
खाली लिहिलं:
फाटक ते शाळा, एक हजार नऊशे चाळीस पावलं.
साहेबांनी वाचलं,
घडी घातली, खिशात ठेवली.

दोन उन्हाळे गेले त्याला.
परवा एक डच जोडपं घेऊन गेलो
तर फाटकापुढे खडीचे दोन ढीग.
कुणी टाकली, कशासाठी, विचारलं नाही.
विचारलं की ती रस्त्याची नसते,
असा आपला अनुभव.
ढिगावर शाळेची पोरं चढून बसली होती,
चपला हातात घेऊन,
गाडी पाहून ओरडली,
"काका, आज कोन आनलं?"